उपवासाचे ताट परीक्षानळीत : प्रकल्प नोंदी

१८ जुलै २०२४, गुरुवार

काल आषाढी झाली. आज पहिल्या तासाला बारावी सायन्सचा अर्धा वर्ग पेंगत होता. कारण विचारले तर म्हणे उपवास होता. मी म्हटले, उपवासाने अंग हलके व्हायला हवे, तुम्ही तर लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखे बसलाय. मागच्या बाकावरून उत्तर आले, "मॅडम, एकादशी अन् दुप्पट खाशी!" वर्ग हसला. हसणे ओसरल्यावर दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारले, "पण मॅडम, एवढं सगळं खातो त्यात असतं काय नेमकं?"

विज्ञान मंडळाच्या प्रकल्पाला विषय सापडला. उपवासाच्या ताटातल्या पदार्थांत कर्बोदके, प्रथिने आणि मेद यांची तपासणी. अकरावीला हे प्रात्यक्षिक सगळ्यांनी केले आहे, म्हणजे मी रंग सांगितले आणि त्यांनी जर्नलमध्ये उतरवले. यंदा रंग कोणी सांगायचे नाहीत.

सहा जण तयार झाले, चार मुली आणि दोन मुले. त्यातल्या एकाच्या घरचे किराणा दुकान आहे, त्यामुळे साबुदाणा-वरीची चिंता मिटली. 'नीट' परीक्षेच्या क्लासमधून सुटका फक्त बुधवारी आणि शनिवारी, तीन ते पाच. तेवढ्यात बसवायचे.

२० जुलै, शनिवार

आज नुसती कपाटे उघडली. आयोडीनची बाटली पांढऱ्या काचेची, वर्षभर खिडकीत उभी. आतले पाणी फिक्या चहासारखे. स्टार्चच्या खळीत थेंब टाकला तर गडद निळा यायला हवा, आली जेमतेम निळसर छटा. ओतून टाकले.

नवे बनवताना किराणावाल्याने आयोडीनचे खडे थेट पाण्यात टाकले आणि पाच मिनिटे हलवत बसला. खडे तळाशी तसेच. मी मुद्दाम गप्प राहिले. शेवटी हात दुखल्यावर त्याने पुस्तक उघडले. आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात, त्यात १ ग्रॅम आयोडीन, ते पूर्ण विरघळले की १०० मि.ली.पर्यंत पाणी. या वेळी खडे बघता बघता गेले. तपकिरी बाटलीत भरले, वर तारीख घातली.

कॉस्टिक सोडा १० टक्के आणि मोरचूद १ टक्का, हे बाययुरेटसाठी, म्हणजे प्रथिनांच्या कसोटीसाठी. सोड्याच्या गोळ्या वजन करेपर्यंत हवेतले पाणी ओढून ओल्या होतात, म्हणून तराजू आधी शून्यावर आणून मगच डबी उघडायची. विरघळताना चंचुपात्र एवढे तापले की हातातून सुटता सुटता राहिले.

ग्लुकोजसारखी साखर असली की तापवल्यावर निळ्याचे विटकरी होणाऱ्या बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली २०२१ ची. दिसायला स्वच्छ निळी, तळाशी गाळ नाही. मुलांना ती टाकून द्यायची होती. मी ठेवली. त्याच कामाच्या फेलिंग द्रावणाचे दोन भाग ऐनवेळी मिसळावे लागतात, मिसळून ठेवले की बिघडतात. ती अडचण नको म्हणूनच बेनेडिक्टने मोरचुदाबरोबर सायट्रेट आणि धुण्याचा सोडा घातला होता. ते मिश्रण टिकते. तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर संशय होता. असू दे.

मेदासाठी स्पिरिटची कसोटी करता आली असती, पण रेक्टिफाइड स्पिरिट म्हटले की परवान्याची भानगड. सुदान-३ हा मेदात विरघळणारा रंग आणि डाग बघायला कागद, दोन्ही हाताशी आहेत. त्यावरच भागवायचे.

२४ जुलै, बुधवार

उपवासाच्या पदार्थाला आज हात लावू दिला नाही. आधी जे माहीत आहे तेच तपासायचे. साधे पाणी, ग्लुकोज पावडर, स्टार्चची खळ, अंड्यातला पांढरा भाग, गोडेतेल. यांचे रंग डोळ्यांत बसले की पुढचे.

आज नेमकी संकष्टी. दोघींनी अंड्याला हात लावायला नकार दिला. आग्रह केला नाही. त्यांना प्रथिनांसाठी दूध दिले. रंग दोन्हीकडे जांभळाच आला, दुधातला जरा गढूळ.

बेनेडिक्टची पद्धत ठरवून टाकली. २ मि.ली. नमुना, २ मि.ली. बेनेडिक्ट, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटे. नळी थेट ज्योतीवर धरायची नाही. गेल्या वर्षी एकाने धरली होती आणि उकळते द्रावण उसळून छतापर्यंत गेले, तो निळा ठिपका अजून आहे.

पाच मिनिटांनी ग्लुकोजची नळी विटकरी झाली. आणि साध्या पाण्याची नळी? तीही नारिंगी! सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बघा मॅडम, बेनेडिक्ट खराब आहे," असे किराणावाला जवळजवळ आनंदाने म्हणाला.

मी म्हटले, खराब द्रावण पाण्यात साखर कशी दाखवेल ते मला समजावून सांग. त्याला ते जमेना. मग मागे मागे जात शोध घेतला. सहा जणांत ड्रॉपर चार, आणि ते खळबळायला पाण्याचे एकच चंचुपात्र. ग्लुकोजचा ड्रॉपर त्या पाण्यात तीनदा बुडवलेला, आणि 'साधे पाणी' म्हणून नळीत घेतलेले पाणीही त्याच चंचुपात्रातले. म्हणजे आम्ही ग्लुकोजचे सरबत तपासले होते. बेनेडिक्टने खरे तेच सांगितले.

किराणावाल्याने दुकानातून रंगीत दोरा आणायचा आहे. प्रत्येक पदार्थाच्या ड्रॉपरला वेगळा रंग. पाण्याच्या ड्रॉपरला पांढरा, तो दुसऱ्या कशात बुडाला की बाद.

२७ जुलै, शनिवार

गोड पदार्थांचा दिवस. खजूर, पिकलेले केळे, दूध, गूळ, साखर. सोबत ग्लुकोजची आणि पाण्याची नळी. पाणी आज निळेच राहिले, त्यावर टाळ्या पडल्या.

खजुराने तर पातेल्यात ठेवल्या ठेवल्या रंग बदलला. हिरवा, पिवळा, नारिंगी असे टप्पे नीट बघायलाही मिळाले नाहीत, दीड मिनिटात तळाशी विटकरी गाळ. केळेही तसेच. दूध नारिंगी. गूळ नारिंगी-लाल.

साखर निळी. पाच मिनिटे झाली, सात झाली, निळीच.

इथे खरी मजा झाली. सहापैकी पाच जणांनी ठरवले की साखरेच्या नळीत बेनेडिक्ट टाकायचे राहिले असणार. एकीने नळी नाकाशी नेली, जणू वास येणार होता. पुन्हा केले. पुन्हा निळी. आता बाटलीवरचा जुना संशय बाहेर आला. पण त्याच बाटलीतल्या द्रावणाने शेजारची ग्लुकोजची नळी लाल केली होती, म्हणून तो फार वेळ टिकला नाही. यासाठीच सोबत माहितीची नळी ठेवायची असते, हे त्यांना मी सांगायच्या आधी दुसऱ्या बाकावरची बोलून गेली.

मग खडू हातात घेतला. साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून. मोरचुदातल्या तांब्याला इलेक्ट्रॉन द्यायचा तो दोघांच्या ज्या टोकांनी, नेमकी तीच टोके एकमेकांत अडकलेली. म्हणून ती तांब्याला काही देऊ शकत नाही आणि रंग निळाच राहतो. जिभेला गोड लागणे वेगळे, बेनेडिक्टला दिसणे वेगळे.

"मग गूळ का लाल झाला? तोही उसाचाच ना?"

रस तापवताना आणि आटवताना त्यातले थोडे सुक्रोज फुटते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे होतात. गुळात ते राहतात, साखर कारखान्यात स्फटिक वेगळे काढताना ते मळीबरोबर जातात. यावर किराणावाल्याने मान वर केली. "म्हणून पावसाळ्यात ढेप पाझरते का मॅडम? साखरेचं पोतं तेवढं पाझरत नाही." अगदी म्हणूनच. या मोकळ्या शर्करा हवेतले पाणी ओढतात. मी पंधरा वर्षे हा धडा शिकवते आहे, पाझरणारी ढेप माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

प्रयोगशाळेतले मामा नळ्या धुवायला आले होते. ते लाल-नारिंगी नळ्यांकडे बघून म्हणाले, "हे तर आमच्या म्हाताऱ्याचं मधुमेहाचं औषध." औषध नाही, लघवीची तपासणी. पट्ट्या यायच्या आधी दवाखान्यात हेच निळे द्रावण असायचे. हिरवे आले तर थोडी साखर, विटकरी आले तर भरपूर. मामांच्या वडिलांची नळी पिवळी आली की घरी आठवडाभर चहा बिनसाखरेचा, आणि मामांनाही तोच प्यावा लागायचा.

३१ जुलै, बुधवार

आज पुन्हा एकादशी, त्यामुळे डबे आपोआप कामाचे. आयोडीनचा दिवस.

कच्च्या बटाट्याच्या कापेवर थेंब टाकताच शाईसारखा डाग. रताळे तसेच. साबुदाणा रात्री भिजवला होता त्या पाण्यातच इतके स्टार्च की एका थेंबात नळी काळीनिळी. वरी निळी-काळी. शेंगदाण्याच्या कुटावर किरकोळ ठिपके. तूप, दूध, खजूर यांत काही नाही.

राजगिऱ्याने घोळ घातला. पिठाची खळ केली, थेंब टाकला, रंग आला तो तांबूस-जांभळा. निळा नाही. होस्टेलवाली म्हणाली आयोडीन कमी पडले. आणखी टाकले तर नुसते तपकिरी. तिने वहीत 'अनिश्चित' लिहिले. चांगला शब्द आहे, राहू दिला.

साबुदाण्याची पेज पातेल्यात गरम होती, तिच्या नळीत आयोडीन टाकले. काही नाही. पिवळट थेंब पेजेत विरून गेला. 'शिजवलेला साबुदाणा : स्टार्च नाही' असे ठळक अक्षरात वहीत गेले. शिजवल्याने स्टार्च 'नष्ट होते' असा सिद्धांतही कोणीतरी मांडला. तेवढ्यात पाच वाजले, क्लासची घाई, नळ्या तशाच पातेल्यात सोडून पोरे पळाली. मीही दमले होते, थांबवले नाही.

पाणी उकळायची वाट बघताना एक गोष्ट फळ्यावर लिहिली होती, ती इथे टिपून ठेवते. साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून ही पिके इकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळचा वारकरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात नव्हता, एवढे नक्की. वरी, शिंगाडा, केळी आणि दूधदुभते मात्र त्याच्याही आधीपासून इकडे आहे. किराणावाला हादरला. त्याच्या दुकानात 'उपवासाचे' अशी पाटी लावलेल्या फळीवरचे निम्मे सामान परदेशी निघाले.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सव्वासातला मामांचा फोन. "मॅडम, तुमची नळी निळी झालीय. धुऊ का ठेवू?"

ठेवा म्हटले. जाऊन बघितले. पातेले गार, आणि पेजेची नळी गडद निळी, शाईच्या दौतीसारखी. नळीला चिकटवलेल्या कागदावर होस्टेलवालीचे सुवाच्य अक्षर, 'नाही'.

कोणाला काही सांगितले नाही. नळी स्टँडवर तशीच ठेवली, कागदासकट.

३ ऑगस्ट, शनिवार

तिघी आल्या त्या थेट स्टँडपाशी गेल्या. होस्टेलवाली एकदम गप्प. मग तिनेच नळी उचलली आणि गरम पाण्यात धरली. निळा रंग हळूहळू उतरला, मिनिट-दीड मिनिटात पाणी जवळजवळ बेरंग. बाहेर काढून नळाखाली धरली, तळापासून निळे परत चढत आले. हे त्यांनी सहा-सात वेळा केले, शेवटच्या दोन वेळा तर मोबाइलवर शूटिंगसाठी. दर वेळी रंग जरा फिका परततो, कारण तापल्यावर थोडे आयोडीन वाफ होऊन उडून जाते.

स्टार्चमधला अमायलोज हा भाग स्प्रिंगसारखा वळलेला असतो. त्या वेटोळ्यात आयोडीन शिरून बसले की निळा रंग दिसतो. गरम झाले की वेटोळे सैल, आयोडीन बाहेर. गार झाले की पुन्हा आत. स्टार्च कुठेही गेले नव्हते.

आणि याच धाग्याने राजगिरा सुटला. स्टार्चचा दुसरा भाग अमायलोपेक्टिन, फांद्या फुटलेला, त्यात लांब वेटोळी होत नाहीत. त्याचा आयोडीनशी रंग तांबूस-जांभळा. राजगिऱ्याच्या कित्येक वाणांत अमायलोज फारच कमी. होस्टेलवालीच्या वहीतले 'अनिश्चित' खोडले नाही, शेजारी बाण काढून कारण लिहिले.

आजपासून नियम. वहीत 'नाही' लिहायचे नाही. 'दिसले नाही' लिहायचे, आणि पुढे कंसात किती तापमानाला, किती वेळाने. मुलांना हे शब्दांचे चोचले वाटले. "नाही आणि दिसले नाही, एकच की मॅडम." मी मामांची नळी दाखवली.

उरलेल्या अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शक. बटाट्याच्या रसाचा थेंब, त्यात अगदी पातळ आयोडीन. मोठे, शिंपल्यासारखे कण, प्रत्येकावर एका बाजूला सरकलेल्या वर्तुळांच्या रेषा. राजगिऱ्याचे कण इतके बारीक की रव्याशेजारी मैदा ठेवावा तसे. साबुदाण्यात अर्धे कण फुगून फुटलेले, कारण दाणे बनवतानाच ते भाजले जातात. म्हणून तो भिजवून मऊ होतो, पीठ होत नाही.

किराणावाल्याचा प्रश्न, जाता जाता. मिठात आयोडीन असते, मग खिचडीत मीठ घातल्यावर ती निळी का होत नाही? छान प्रश्न. मिठात मोकळे आयोडीन नसते, पोटॅशियम आयोडेट असते, तेही ग्राहकाच्या हाती पोचताना किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन भरेल एवढे, असा नियम आहे. आयोडेट वेटोळ्यात शिरत नाही. "आणि उपवासाला आम्ही सैंधव वापरतो," दुसरी म्हणाली. तेव्हा तर प्रश्नच मिटला.

७ ऑगस्ट, बुधवार

बाययुरेट. सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फसवा दिवस.

२ मि.ली. नमुना, २ मि.ली. कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाचे दोन ते तीन थेंब. तापवायचे नाही. प्रथिनांतले पेप्टाइड बंध तांब्याला धरतात आणि जांभळा रंग येतो. बाययुरेट हे नाव युरिया तापवून मिळणाऱ्या पदार्थाचे, त्यात प्रथिन नाही, पण त्याचाही असाच रंग येतो म्हणून कसोटीला नाव चिकटले.

तबलेवाला (हा नळ्या सतत बोटांनी वाजवतो) म्हणाला तीनऐवजी पंधरा थेंब टाकले तर रंग गडद येईल. टाकू दिले. दुधाच्या नळीत निळा लगदा बसला, जांभळा त्याखाली झाकला गेला. त्याची नोंद, 'दुधात प्रथिने दिसली नाहीत (तबल्यामुळे)'. कंसातले माझे नाही, त्याच्या मैत्रिणीचे आहे.

साबुदाण्याच्या नळीची गंमत. सोडा पडल्याबरोबर स्टार्च फुगले आणि नळीत जेली झाली, नळी उलटी केली तरी पडेना. त्यात मोरचूद टाकले तर ते वर निळे तरंगत राहिले. आता याला काय म्हणायचे? पाच पट पाणी घालून पुन्हा केले. फिके निळे. 'दिसले नाही, पातळ करून, १० मिनिटे'.

पिठे थेट नळीत टाकण्यात अर्थ नव्हता. शेंगदाण्याचे कूट, राजगिरा आणि वरी पातळ सोड्यात अर्धा तास भिजवली, मलमलच्या फडक्यातून गाळली, ते पाणी घेतले. शेंगदाण्याला स्वच्छ जांभळा, पांढऱ्या कागदासमोर धरायचीही गरज नाही. राजगिऱ्याला बऱ्यापैकी. वरीला पाण्याच्या नळीशेजारी ठेवल्यावरच फरक कळतो. बटाट्यात तिघांना जांभळी छटा दिसली, तिघांना नाही. मतदान घेऊ का असे विचारले कोणी तरी. घेतले नाही. दोन्ही मते लिहिली.

शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव भाग प्रथिने असतात, साबुदाण्यात शेकडा एकही नाही. पुस्तकातले हे आकडे मी नळ्या बघून झाल्यावरच सांगितले.

१० ऑगस्ट, शनिवार

मेद. सगळ्यांना सोपे वाटले, कारण भज्यांचा कागद सगळ्यांनी बघितला आहे.

खाकी कागदावर चौकोन आखले. तूप, खोबरे, शेंगदाणा, साबुदाणा, साय, दूध, राजगिरा, शेजारी तेल आणि पाणी. घासून वीस मिनिटे पंख्याखाली. पाण्याचा डाग सुकून गेला, तेलाचा राहिला. खिडकीसमोर कागद धरला तर शेंगदाण्याच्या चौकोनातून समोरच्या चिंचेचा आकार दिसत होता. कागद पांढरट दिसतो तो धाग्यांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून. तेल त्या फटी भरून काढते आणि प्रकाश सरळ आरपार जातो.

पिशवीतल्या टोन्ड दुधाचा डाग जवळजवळ गेलाच. त्यात ३ टक्के मेद असतो. घरच्या म्हशीच्या दुधावरच्या सायीने मात्र कागद काचेसारखा केला.

सुदान-३ ची पूड चिमूटभर, तेल-पाण्याच्या नळीत हलवली. पाणी खाली कोरे, तेलाचा थर वर लालभडक. तबलेवाल्याच्या पांढऱ्या अ‍ॅप्रनवर एक थेंब गेला, तो साबणाने निघाला नाही. मेदात विरघळणारा रंग पाण्याने कसा जाईल. किराणावाल्याने विचारले की तिखटात मिसळतात तो हाच का. त्याच कुटुंबातला. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ सापडला आणि मोठा गोंधळ झाला. खाण्याच्या पदार्थात यातल्या कुठल्याच सुदान रंगाला परवानगी नाही. तो घरी जाऊन पोत्यातले तिखट तेलात टाकून बघणार होता. मी समजावले की मिरचीचा स्वतःचा रंगही तेलात उतरतो, त्यावरून काही ठरत नाही. नाहीतर बिचाऱ्या बापाचे दुकान बंद पाडायचा.

१४ ऑगस्ट, बुधवार

राहिलेली दोन कामे.

पहिले, साखर. साखरेच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब, पाच मिनिटे उकळत्या पाण्यात. मग खाण्याचा सोडा चिमूट चिमूट, फेस यायचा थांबेपर्यंत. आम्ल राहिले तर ते बेनेडिक्टमधला सोडा खाऊन टाकते आणि कसोटी चालत नाही. मग बेनेडिक्ट. साखर लाल झाली! दोन हात सुटले म्हटल्यावर तांब्याला द्यायचे ते दिले. २७ तारखेची निळी नळी जपून ठेवली होती, दोन्ही शेजारी ठेवून फोटो.

दुसरे, रताळे. एकाच रताळ्याचा अर्धा भाग कच्चा, अर्धा मंद आचेवर उकडलेला. कच्च्याची नळी हिरवट-पिवळी. उकडलेल्याची विटकरी. यात काही बाहेरून घातलेले नाही. रताळ्यातच स्टार्च तोडून माल्टोज ही साखर करणारे विकर (एन्झाइम) असते. आच मंद असेल तर स्टार्च फुगते आणि विकर मरायच्या आधी त्याला भरपूर काम करून घेता येते. दुसऱ्या बाकावरची म्हणाली, "म्हणून चुलीच्या आरात भाजलेलं जास्त गोड लागतं." तिच्याकडे अजून चूल आहे. मला हेवा वाटला.

१७ ऑगस्ट, शनिवार

क्लासची टेस्ट. कोणी आले नाही. मी आणि मामांनी नळ्या मोजल्या, सात फुटल्या आहेत.

२१ ऑगस्ट, बुधवार

तक्ता लिहायला घेतला आणि भांडणे. तबलेवाल्याला बरोबरच्या आणि फुलीच्या खुणा हव्यात, लांबून दिसतात. होस्टेलवाली अडून बसली की फुली चालणार नाही. तिने पेजेच्या नळीचा विषय काढला आणि तो गप्प झाला. ठरले ते असे की खुणांऐवजी प्रत्येक चौकोनात दिसलेला रंगच भरायचा, वॉटर कलरने. राजगिऱ्याचा तांबूस-जांभळा मिसळायला तिला तासभर लागला. बटाट्याच्या प्रथिनाचा चौकोन अर्धा जांभळा, अर्धा निळा.

२४ ऑगस्ट, शनिवार

पूर्ण ताटच तपासायचे ठरले. साबुदाण्याची खिचडी, आणि वरीचा भात-दाण्याची आमटी.

खिचडीतले साबुदाणे आणि कूट चिमट्याने वेगळे केले, हे काम दोघींनी चाळीस मिनिटे केले. साबुदाणा निवडून, धुऊन बघितला तर स्टार्च भरपूर, जांभळा रंग दिसला नाही. कुटाला जांभळा लख्ख. कागदावर दोघांचेही डाग, पण साबुदाण्याचा डाग तुपाचा. म्हणजे खिचडीत प्रथिन आहे ते जवळजवळ सगळे कुटात. वरीच्या भाताचे तेच, आमटीने नळी जांभळी केली.

दुसऱ्या बाकावरचीने घरी जाऊन आजीला सांगितले की प्रथिनांसाठी आमटी करतात. आजी म्हणाली, "आमटी नसली तर वरी घशाखाली उतरत नाही, म्हणून करतो." तिने हेही वहीत लिहून आणले आहे, 'आजीचे निरीक्षण' या मथळ्याखाली. काढून टाकले नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

परवा गोकुळाष्टमी, काल दहीहंडी. तबलेवाला लंगडत आला, वरून चौथ्या थरात होता म्हणे.

शिंगाड्याचे पीठ आजवर पुढे ढकलत आलो होतो. दोन पाकिटे, दोन वेगळ्या ठिकाणची. आयोडीनने दोन्ही निळी-काळी. बेनेडिक्टला पहिल्याचा हिरवा, दुसऱ्याचा जवळजवळ निळाच, पुन्हा केल्यावर पहिल्याचा पिवळा. सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या पाकिटात दोन प्रकारचे कण दिसतात. काही गोलसर, काही लहान आणि कोनाकोनाचे. कोनाचे कण मक्यात किंवा तांदळात दिसतात तसे आहेत, पण खात्रीच्या शिंगाड्याचे पीठ शेजारी ठेवून बघितल्याशिवाय काही म्हणता येत नाही. पाकिटावरचे नाव लिहून ठेवलेले नाही, ठेवायचेही नाही.

किराणावाला तलावावरून ओले शिंगाडे आणणार आहे, सालीसकट. ते आम्ही वाळवून स्वतः दळणार. गणपतीनंतर बघू. तोवर तक्त्यातला शिंगाड्याचा चौकोन कोरा.